गोलंदाजाचा पंच व्हावा, पण परीक्षा देऊन

पार्क मैदानावर दहा-बारा वर्षं सीझन बॉल टाकलेल्या मध्यमगती गोलंदाजाचं पुढं काय होतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. तिशी आली की कंबर बोलायला लागते. पुढचा पाय आपटून आपटून गुडघा सुजतो. दहा षटकांची सहा होतात, सहाची तीन. मग कर्णधार चेंडू दुसऱ्याकडं देतो आणि याला मिडऑनला उभा करतो. त्यानंतरच्या हंगामात किटबॅग माळ्यावर जाते. फलंदाजाला चाळिशीपर्यंत क्लबात जागा मिळते, पहिल्या स्लिपला उभं राहून तो आपलं वय झाकू शकतो. गोलंदाजाला ती सोय नाही. त्यातला एखादा कोचिंगला लागतो. बाकीच्यांचं दुकान, नोकरी, कारखाना, आणि कधीमधी टेनिस बॉलच्या स्पर्धेत मित्राच्या आग्रहाखातर दोन षटकं.

आणि याच शहरात चौदा वर्षांखालच्या सामन्याला पंच शोधत फिरावं लागतं. कुणी मिळालं नाही तर फलंदाजी करणाऱ्या संघातला, पॅड न बांधलेला एक मुलगा यष्टीमागं उभा राहतो. पायचीतचं अपील झालं की तो आधी आपल्या संघाच्या तंबूकडं बघतो, मग बोट वर करायचं की नाही ते ठरवतो. पलीकडं गोलंदाजी करणारं पोर त्या दिवशी काय शिकतं, ते वेगळं सांगायला नको.

या दोन गोष्टी एकमेकांना जोडायला हव्यात. जिल्हा पातळीवरच्या गोलंदाजाला पंच करावं, ते निवृत्तीनंतर न करता पंचविशीतच सुरू करावं आणि त्या कामाला सन्मानानं पैसे द्यावेत. यावर फारसा कुणाचा वाद नसेल. वाद होईल तो पुढच्या मुद्द्यावर: हा माणूस कितीही बळी घेऊन आलेला असो, नियमांच्या परीक्षेतून त्याला एका गुणाचीही सूट मिळू नये. 'अहो, तो खेळलेला आहे, त्याला काय विचारायचं?' हे वाक्य पंचगिरीच्या मुळावर येतं.

वाट तशी मळलेली आहे. ऑफस्पिनर श्रीनिवास वेंकटराघवन यांनी 57 कसोटींत 156 बळी घेतले आणि नंतर 73 कसोटींत पंच म्हणून उभे राहिले. शेवटची कसोटी खेळले 1983 मध्ये, पंच म्हणून पहिली कसोटी 1993 मध्ये. मधली दहा वर्षं लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण खेळाडूचा पंच एका उन्हाळ्यात होत नाही. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॉल रायफल 104 कसोटी बळी घेऊन पंच झाला. इंग्लंडचा डावखुरा फिरकीपटू रिचर्ड इलिंगवर्थ 1992 च्या विश्वचषकाची अंतिम लढत खेळला आणि 2023 ची अंतिम लढत त्यानं पंच म्हणून पाहिली. बांगलादेशचा शरफुद्दौला सैकत हाही डावखुरा फिरकीपटू. 2024 मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनेलवर, म्हणजे सर्वोच्च पंचांच्या यादीत, गेलेला तो त्या देशाचा पहिला पंच. आपल्याकडचं सर्वांत बोलकं नाव मात्र अजितेश अरगल. 2008 च्या 19 वर्षांखालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 7 धावांत 2 बळी घेऊन तो सामनावीर ठरला. त्या संघाचा कर्णधार पुढं विराट कोहली म्हणून जगाला माहीत झाला. अरगलनं नोकरी धरली आणि 2023 मध्ये बीसीसीआयची पंचपरीक्षा दिली. सामनावीराचा चषक घरात असूनही त्याला परीक्षेला बसावं लागलं, हे योग्यच झालं.

आता गोलंदाजाकडं असं काय असतं, जे दुसऱ्याला पुस्तकातून मिळत नाही? हात कुठून सुटला याची जाण. हे थोडं हिशोबानं पाहू. पॉपिंग क्रीज म्हणजे यष्ट्यांपुढं चार फुटांवरची आडवी रेषा. एका टोकाच्या पॉपिंग क्रीजपासून दुसऱ्या टोकाच्या क्रीजपर्यंतचं अंतर 17.68 मीटर. उजव्या हाताचा गोलंदाज उजव्या फलंदाजाला ओव्हर द विकेट, म्हणजे यष्ट्यांच्या डाव्या बाजूनं, टाकतोय आणि चेंडू मधल्या यष्टीच्या रेषेपासून 60 सेंटीमीटर बाहेरून सुटतोय. 14 मीटर गेल्यावर बरोबर मधल्या यष्टीच्या रेषेत टप्पा पडला, चेंडू कुठंही न वळता सरळ निघाला आणि पॅडवर आदळला. मैदानभर ओरडा होतो, कारण टप्पा 'मिडलवर' पडलेला सगळ्यांनी पाहिलाय. पण हा चेंडू दर मीटरला सव्वाचार सेंटीमीटर लेगकडं, म्हणजे फलंदाजाच्या पायांमागच्या बाजूला, सरकतोय. टप्प्यापासून यष्ट्या जवळजवळ पाच मीटरवर आहेत, म्हणजे तिथं पोचेपर्यंत तो 21 सेंटीमीटर सरकणार. लेग स्टंपची बाहेरची कड मध्यापासून साडेअकरा सेंटीमीटरवर. चेंडूची अर्धी जाडी धरली तरी यष्टीला वारासुद्धा लागत नाही. नाबाद. तोच हात यष्टीजवळून, 30 सेंटीमीटरवरून सुटला असता तर चेंडू साडेदहा सेंटीमीटर सरकून लेग स्टंपवर गेला असता. टप्पा तोच, पॅडही तोच, निर्णय मात्र उलटा.

मैदानात उभ्या असलेल्या पंचाला हा गुणाकार करायला वेळ नसतो. गोलंदाजी केलेल्या माणसाच्या खांद्यात तो आधीच भरलेला असतो. क्रीजच्या टोकावरून टाकलेला चेंडू आत आल्यासारखा दिसतो पण लेगला निघून जातो, हे त्यानं शेकडो वेळा बळी हुकल्यावर शिकलेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे गोलंदाजांचे डाव त्याला ठाऊक असतात. खेळपट्टीच्या मधोमध एक राखीव पट्टा असतो. पॉपिंग क्रीजपासून पाच फुटांवर तो सुरू होतो आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट असतो. चेंडू टाकल्यावर खिळ्यांच्या बुटांनी त्यात शिरलं तर पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी शेवटची ताकीद आणि तिसऱ्या वेळी त्या डावापुरती गोलंदाजी बंद. सामन्याच्या उत्तरार्धात आपल्या ऑफस्पिनरसाठी खड्डा तयार करायला एखादा डावखुरा मध्यमगती 'चुकून' आत कधी जातो, हे कधीकाळी स्वतः तसाच चुकून आत गेलेल्या माणसाला पहिल्याच पावलाला कळतं.

पण इथंच थांबलं तर हा लेख 'खेळलेल्याला काय विचारायचं' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा होईल. गोलंदाजाला जेवढं येतं, जवळजवळ तेवढंच त्याला विसरावं लागतं. सगळ्यांत आधी विसरायचा तो अपील करतानाचा कोन.

उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू टाकून डावीकडं, म्हणजे उजव्या फलंदाजाच्या ऑफ बाजूला कलंडतो. तिथून वळून तो पॅडकडं बघतो. पॅड यष्ट्यांच्या पुढं असतं आणि पाहणारा डावीकडून पाहत असतो, त्यामुळं पुढची वस्तू मागच्या यष्ट्यांच्या तुलनेत उजवीकडं सरकलेली दिसते. परिणाम असा की ऑफ स्टंपच्या बाहेर पॅडला लागलेला चेंडू त्याला थेट यष्टीसमोर दिसतो. फटका मारताना ऑफच्या बाहेर पायाला लागलं तर पायचीत नाही, हा नियम त्यालाही माहीत आहे. तरी तो गुडघे वाकवून, दोन्ही हात वर करून ओरडतो, आणि त्यात नाटक नसतं. त्याला दिसलंच तसं. बारा वर्षं त्या कोनातून पायचीत पाहिलेला माणूस यष्टीमागं मधोमध उभा राहतो, तेव्हा सुरुवातीचे काही सामने त्याचा जुना डोळा नव्या डोळ्याशी भांडतो. हे भांडण मिटवायला वर्गातली फळी उपयोगाची नाही. नेटमध्ये गोलंदाजामागं उभं राहून, मोबाइल बरोबर यष्टीमागं लावून, आपला निर्णय आधी कागदावर लिहायचा आणि मग चित्रण पाहायचं. रोज शंभर चेंडू, असे दोन-तीन महिने. दुसरा उपाय ऐकिवात नाही.

विसरायची दुसरी सवय नजरेची. गोलंदाज धावत येताना फलंदाजाकडं बघतो, आपल्या पायाकडं कधीच नाही. पंचाला आधी पायच बघायचा असतो, आणि ताशी 130 किलोमीटरचा चेंडू पलीकडं पोचायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात नजर क्रीजवरून उचलून टप्प्यावर आणायची आणि डोकं हलू द्यायचं नाही. नवखा पंच हमखास डोकं हलवतो. पाय नीट दिसतो, पण टप्पा निसटतो, आणि मग तो आवाजावरून निर्णय देतो. मोठ्या सामन्यांत आता पुढच्या पायाचा नो-बॉल टीव्ही पंच पाहतो. सोलापुरात टीव्ही पंच येईपर्यंत हे काम दोन डोळ्यांचंच आहे.

तिसरी गोष्ट नियमांची, आणि ती सर्वांत कडू. 14 जुलै 2019, लॉर्ड्स, विश्वचषकाची अंतिम लढत, शेवटचं षटक. न्यूझीलंडच्या मार्टिन गप्टिलनं फेकलेला चेंडू इंग्लंडच्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेला. पंच होता कुमार धर्मसेना: ऑफस्पिनर, 1996 चा विश्वविजेता, विश्वचषकाची अंतिम लढत खेळलेला आणि नंतर पंच म्हणूनही उभा राहिलेला पहिला माणूस. त्यानं सहा धावा दिल्या. नियमाप्रमाणे चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेलं असेल तरच चालू धाव मोजतात. दुसऱ्या धावेसाठी ते अजून ओलांडलेले नव्हते, म्हणजे पाचच धावा हव्या होत्या. हे जाहीरपणे दाखवून दिलं सायमन टॉफेलनं, आणि पुढं धर्मसेनानंही चूक कबूल केली. टॉफेल हासुद्धा मूळचा मध्यमगती गोलंदाज, पण पाठीच्या दुखापतीनं त्याचा खेळ सिडनीच्या क्लब क्रिकेटपुढं गेलाच नाही. तो 29 व्या वर्षी कसोटी पंच झाला आणि 2004 ते 2008 सलग पाच वर्षं आयसीसीचा सर्वोत्तम पंच ठरला. विश्वविजेत्याला न आठवलेला नियम क्लबातल्या गोलंदाजाला पाठ होता. जिल्ह्यातल्या पोरांनी यातला टॉफेल डोळ्यापुढं ठेवावा. त्याचं खेळाडू म्हणून आयुष्य त्यांच्याच मापाचं होतं.

परीक्षा किती कडक असते, याचाही अंदाज असू द्या. 2022 मध्ये बीसीसीआयनं महिला आणि ज्युनियर सामन्यांच्या गटासाठी अहमदाबादला घेतलेल्या परीक्षेला 140 जण बसले आणि तिघं उत्तीर्ण झाले. 200 गुणांपैकी 100 लेखीला, उरलेले तोंडी, व्हिडिओ आणि शारीरिक चाचणीला. त्यात गोलंदाजासाठीच जणू काढलेला एक प्रश्न होता: गोलंदाजाच्या बोटाला खरी दुखापत आहे, पट्टी काढली तर रक्त येईल, पट्टी काढायला सांगाल का? माजी गोलंदाजाचं मन लगेच 'राहू दे बिचाऱ्याची' म्हणतं. उत्तर आहे, टाकायचं असेल तर पट्टी काढावी लागेल.

पैशाचं बोलू. त्याच वर्षीच्या बातम्यांप्रमाणे प्रथम श्रेणी सामन्यात वरच्या गटातल्या पंचाला दिवसाला 40 हजार आणि खालच्या गटांना 30 हजार रुपये मिळत होते. चार दिवसांच्या रणजी सामन्याचा हिशोब कुणीही करावा. म्हणजे वरच्या टोकाला हा धंदा चांगलाच चालतो. खालच्या टोकाला टोपी, टी-शर्ट, दुपारचं जेवण आणि पाकिटात जे असेल ते. या दोन टोकांच्या मध्ये सात-आठ वर्षांची चढण आहे: जिल्ह्याचे सामने, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेची परीक्षा, राज्याच्या यादीतले सामने, मग मंडळाच्या परीक्षेसाठी नाव जाणं. पुण्याजवळ गहुंजेला वर्ग असला की सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची आणि एक रजा घालवायची. घरातला कमावता माणूस हे टोपी आणि टी-शर्टवर किती दिवस करेल? म्हणूनच पंचगिरी निवृत्त शिक्षक आणि पेन्शनवाल्यांकडं जाते. त्यांच्याबद्दल आदर आहे, इतकी वर्षं मैदान त्यांनीच चालू ठेवलंय. पण साठीत सुरू केलेला पंच रणजीपर्यंत जाणार नाही. 27 व्या वर्षी सुरू केलेला जाऊ शकतो.

म्हणून जिल्ह्यानं करायच्या गोष्टी साध्या आहेत. निमंत्रित स्पर्धेत नोंदणी करणाऱ्या प्रत्येक क्लबनं 25 वर्षांपुढचा निदान एक गोलंदाज पंचवर्गाला द्यावा, नाहीतर त्याची प्रवेश फी दुप्पट घ्यावी. त्या गोलंदाजानं हंगामात सहा ज्युनियर सामन्यांत उभं राहावं आणि प्रत्येक सामन्याचं मानधन त्याच दिवशी, जिल्ह्याकडून मिळावं, यजमान क्लबकडून नव्हे. क्लबच्या हातून घेतलेल्या पाकिटाचं वजन संध्याकाळच्या पायचीतवर पडतं. वर्ग मराठीत चालावा, आणि तेलुगू-कन्नड घरातल्या पोरांना अडेल तिथं त्यांच्या भाषेत समजावणारं कुणी असावं. सोलापुरात अपील चार भाषांत होतं, तर नियमही तितक्या भाषांत सांगता यायला हवेत.

मुलींनाही पहिल्या दिवसापासून बसवावं. माळशिरस तालुक्यातली किरण नवगिरे 2022 मध्ये भारताकडून खेळली, तेव्हापासून खेळायला मुली येतात का हा प्रश्नच उरलेला नाही. मुंबई विद्यापीठाची मध्यमगती गोलंदाज वृंदा राठी 2023 मध्ये रणजी सामन्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिला पंचांपैकी एक आहे.

एक आक्षेप खरा आहे. गाव तसं लहान. दहा वर्षं एका क्लबकडून टाकलेला माणूस त्याच क्लबच्या सामन्यात निष्पक्ष राहील? राहिला तरी समोरचा मानेल? यावर शपथा घेऊन उपयोग नाही, पंच बदलावा. सोलापूरचे पंच धाराशिवला, धाराशिवचे सोलापूरला. अंतर दीड-दोन तासांचं. 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांच्या कसोटीत पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले, ते याच कारणासाठी. देशादेशांत जे जमलं ते दोन जिल्ह्यांत जमायला हरकत नाही. एस.टी.चं भाडं तेवढं द्यावं लागेल.

आणि सुरुवात कुठून? चुन्याच्या पट्टीपासून. जानेवारी 2024 मध्ये इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्क मैदानावर, महाराष्ट्र आणि मणिपूरचा रणजी सामना झाला, तेव्हा क्रीज अचूक मापानं आखल्या गेल्या. बाकीच्या मैदानांवर दोरी लावून जी पट्टी मारतात ती कधी दोन इंच जाड, कधी तीन. नियमात पॉपिंग क्रीज म्हणजे त्या पट्टीची मागची कड, यष्टीकडची, आणि ती यष्ट्यांच्या मध्यापासून बरोबर चार फुटांवर हवी. पट्टी त्या कडेच्या पुढं जाड झाली तर चालतं. मागं जाड झाली तर क्रीजच दोन इंच मागं सरकते आणि बरोबर टाकणारा पोरगा दिवसभर नो-बॉल देत राहतो. शिवाय टेनिस बॉलच्या स्पर्धांत पक्का बसलेला समज असतो की पाय पट्टीवर असला तर चालतं. चालत नाही. टेकताना पायाचा काही भाग, हवेत असला तरी, मागच्या कडेच्या आत हवा. हे न कळल्यामुळं किती गोलंदाज चुकीच्या रनअपची सवय घेऊन मोठ्या सामन्यात जातात आणि पहिल्याच स्पेलमध्ये पाच नो-बॉल टाकून बसतात.

एप्रिलमध्ये इथं सामना सकाळी साडेसातला सुरू करावा लागतो, दुपारी मैदानात उभं राहवत नाही. नव्या पंचानं पावणेसातला पोचावं. खिशात सहा चेंडू मोजायचा काउंटर, दोन जादा बेल्स, चेंडूचं मापक कडं आणि मीटर टेप. टेपचं एक टोक मधल्या यष्टीच्या मध्यावर धरायचं, दुसरं पट्टीच्या आतल्या कडेवर. 1.22 मीटर आलं तर ठीक. कमी आलं तर माळ्याला हाक मारायची, बुटानं चुना खरवडायचा आणि पट्टी पुन्हा मारून घ्यायची, दोन्ही कर्णधार घड्याळ दाखवत असले तरी.